लोकसभेच्या दिवशीच आडवी बाटलीचं मतदान ठेवलं तर काय बिघडतंय?

अक्कलकोट_रोड_ताई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

माझं माहेर दक्षिण सोलापुरातलं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, दुकानवाल्याची पोरं सगळीकडं वाचत असतात. तिथं शाळेच्या वाटेवर देशी दारूचं सरकारमान्य दुकान आहे. मागं बचत गटाच्या बायकांनी सह्या गोळा केल्या, माझी चुलती त्यात पुढं होती, अर्ज दिला, सह्या तपासायला माणूस येऊन गेला आणि बरेच हेलपाटे घातल्यावर एकदाचं ते आडवी बाटली उभी बाटलीचं मतदान लागलं (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू). लागलं कधी, तर ऐन ज्वारी काढणीत. निम्म्या बायका रानात, काही लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला. तरी ज्यांना जमलं त्या दुपारच्या भाकरीच्या टायमाला तशाच उठून आल्या, हाताला कूस चिकटलेली, अंग खाजवत रांगेत उभ्या.

मोजणी झाली. आडवीला सहाशेच्या वर मतं, उभीला शंभरसुद्धा नाहीत. बायकांनी गुलाल आणायला पोरगं पाठवलं आणि तेवढ्यात साहेब म्हणले की ठराव पडला, दुकान चालू राहणार. कारण काय तर यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं आडवीला पाहिजेत, आलेल्यांच्या निम्मी नाही. चुलती अजून विचारते, ज्या बायका आल्याच नाहीत त्यांची मतं दुकानवाल्याला कोणी दिली?

आता माझा भाचा एमपीएससी करतोय, तो म्हणाला की मावशी, न्यूझीलंडमधे देशाच्या निवडणुकीच्या दिवशीच प्रत्येक भागात दारूच्या दुकानाचं मतदान व्हायचं, एकाच रांगेत दोन्ही कामं. खरं आहे का हे? आणि असंल तर आपल्याकडं लोकसभेच्या दिवशी ही एक जादा पेटी ठेवायला काय अडचण आहे? त्या दिवशी बायका एवीतेवी येतातच की.

वाचनालय_काका

ताई, भाचा बरोबर सांगतोय, आणि गंमत म्हणजे तुमच्या चुलतीला जी अडचण आली तीच तिकडं १८९४ ला आली होती.

१८९३ ला न्यूझीलंडात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. सप्टेंबरात बायकांना मताचा हक्क मिळाला, देशाच्या पातळीवर जगात पहिल्यांदा, आणि त्याच साली दारूविक्रीचा कायदा आला की संसदेचा जो मतदारसंघ तोच परवान्याचा भाग धरायचा आणि तिथल्या मतदारांनी ठरवायचं. हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे, कारण मताच्या हक्कासाठी सह्या गोळा करत फिरणारी केट शेपर्ड आणि तिच्या बरोबरच्या बऱ्याच बायका दारूबंदीच्या संघटनेतल्याच होत्या. म्हणजे तिकडं पण सुरुवात सह्यांपासूनच.

पर्याय तीन असायचे: आहे तसं चालू द्या, परवाने कमी करा, परवाने पूर्ण बंद. पूर्ण बंदसाठी पाचातली तीन मतं लागायची. आणि वर एक अट, यादीतल्या निम्म्या लोकांनी मतदान केलं तरच ते धरायचं. १८९४ च्या मार्चमधे हे मतदान वेगळं घेतलं, मोठ्या निवडणुकीपासून तोडून. झालं काय, बऱ्याच ठिकाणी निम्मे लोक फिरकलेच नाहीत आणि मतदान बाद. दारूवाल्यांना विरोधात मत द्यायची गरजच नव्हती, घरी बसलं तरी काम होत होतं. सगळ्या देशात क्लूथा नावाचा एकच भाग कोरडा झाला.

मग १८९५ ला कायदा बदलला. निम्म्याची अट काढून टाकली आणि मतदान सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशीच ठेवलं. १८९६ पासून तसंच चाललं. त्यानंतर एकेक भाग कोरडा होत गेला, १९०२ ला अ‍ॅशबर्टन, १९०५ ला इनव्हरकार्गिल, असं करत १९०८ पर्यंत बारा. पाचातल्या तिनाची अट तशीच होती तरीसुद्धा.

१९११ पासून स्थानिकच्या जोडीला सगळ्या देशाची दारूबंदी हा पण प्रश्न आला. त्या वर्षी ५५.८ टक्के लोकांनी बंदी मागितली, पाहिजे होते ६०, त्यामुळं पडली. पुढं अट साध्या बहुमताची केली आणि १९१९ च्या एप्रिलमधे जादाचं मतदान घेतलं. देशातल्या मतांत बंदीवाले पुढं होते, मग परदेशातल्या सैनिकांची मतं मोजली, ३१,९८१ दारू चालू ठेवा आणि ७,७२३ बंद करा, आणि सगळं फिरलं. परत त्याच वर्षी डिसेंबरात निवडणुकीबरोबर मतदान झालं, त्यात बंदीला २,७०,२५० मतं, सगळ्यात जास्त, पण निम्म्याला सोळाशेच्या आसपास कमी पडली, कारण सरकारनं दुकानं ताब्यात घ्यावीत असा तिसरा पर्याय होता आणि ३२ हजार लोक तिकडं गेले. हे तिसऱ्या पर्यायाचं खूळ कोणाच्या डोक्यातनं आलं हे मला आजवर कळलं नाही, पण दारूवाल्यांना त्याच्याइतका फायद्याचा कागद दुसरा नसेल.

ही दारूची मतपत्रिका तिकडं जवळपास प्रत्येक निवडणुकीला १९८७ पर्यंत मिळत राहिली.

कडक_भाकरी

काका एक नंबर 🙏

पण मला सांगा बे, आपल्याकडं मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय डे असतंय. म्हणजे आडवी उभीचं मतदान त्या दिवशी ठेवलं तर उभीवाले सगळे घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत येतेत. असली चिडलेली माणसं एकगठ्ठा उभीलाच देतेत की ओ 😂

अक्कलकोट_रोड_ताई

@कडक_भाकरी आमच्या गावात फक्त बायकांचं मतदान होतं दादा, उभीवाल्यांना बाहेर पारावर बसून बघायचं काम होतं. आणि ड्राय डेला आमच्याकडं काय मिळत नाही ते सांगा.

@वाचनालय_काका खूप आभार. चुलतीला वाचून दाखवलं, ती म्हणे म्हणजे शंभर वर्षं झाली तरी अक्कल तीच.

जिल्हा_कोर्ट_वकील

कायद्याची बाजू मांडतो, जरा कंटाळवाणी आहे.

पहिलं म्हणजे आपल्या राज्यघटनेत सार्वमत हा प्रकारच नाही. जुनागढ १९४८, गोवा १९६७, सिक्कीम १९७५ हे त्या त्या वेळचे खास प्रकार होते. आडवी बाटलीचं जे मतदान आहे ते राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली २००८ ला निघालेल्या आदेशानं चालतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी, नाहीतर एकूण मतदारांतल्या पंचवीस टक्क्यांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, आणि एकूण संख्येच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं आडवीला पडली तर दुकान बंद. इथं मतदान घेणारं खातं म्हणजे उत्पादन शुल्क आणि महसूल.

लोकसभेचं मतदान भारताचा निवडणूक आयोग घेतो, कलम ३२४. त्या खोलीत आयोगाच्या मशीनशिवाय दुसरं काही ठेवायचं म्हणलं तर राज्य सरकारच्या साध्या आदेशानं होत नाही. शंभर मीटरच्या आत प्रचारबंदी असते, मग बाटलीचं चित्र घेऊन बसलेल्या बायका त्या हद्दीत बसणार का बाहेर? मतदार कर्मचाऱ्यांना विचारणार की बाई हे कशाचं, आणि कर्मचाऱ्यानं एक शब्द वाकडा बोलला की तक्रार. आणि आचारसंहिता लागली की हपिसात काहीही मागायला जा, उत्तर एकच, निवडणूक होऊ द्या मग बघू.

पण ताईंचा खरा प्रश्न दिवसाचा नाही, भागाकाराचा आहे. हिशेब करून बघा. समजा गावात १४०० बायका मतदार. पाहिजेत ७०१. मतदान ५५ टक्के झालं तर आल्या ७७०, त्यातल्या ७०१ म्हणजे ९१ टक्के बायकांनी एकमतानं आडवी म्हणलं पाहिजे. ९१ टक्के आजवर कोणत्या आमदाराला पडलेत सांगा. मतदान ६५ टक्क्यांवर गेलं तर आल्या ९१०, मग ७७ टक्के लागतील. अवघड आहे पण होण्यासारखं. हे पन्नास टक्के एकूण यादीचे का झालेल्या मतदानाचे, हे बदलायला ना संसद लागते ना घटनादुरुस्ती, राज्य सरकारचा आदेश आहे तो राज्य सरकार बदलू शकतं. माझं स्पष्ट मत, मागणी तिथं लावा.

गावगाडा_७८

वकील साहेब हिशेब पटला पण मला वाटतंय तुम्ही सगळे शहरातनं विचार करायलाय. लोकसभेला बायका एवीतेवी येतात हे ताईंनी गृहीत धरलंय, तसं नसतंय ओ. मी ग्रामपंचायत सदस्य होतो एक टर्म, उत्तर सोलापूर. लोकसभेला आमच्या बूथवर दुपारी कुत्रं नसतंय, मे महिन्यातलं ऊन, ४२ च्या वर पारा. २०२४ ला पण ७ मे ला होतं, लोकं सकाळी नऊपर्यंत नाहीतर एकदम सहाला. सोलापूर मतदारसंघाचं मतदान साठीच्या आतच राहिलं. खरं मतदान बघायचं असंल तर ग्रामपंचायतीला या. ऐंशी नव्वद टक्के आरामात. पुण्याला कंपनीत असलेली पोरं, भिवंडीला लूमवर असलेली माणसं, सगळ्यांना गाडी करून आणतेत, म्हातारीला खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतेत, कारण एकेका मतावर वॉर्ड पडतोय. बाळंतीण बाई पण येते.

त्यामुळं जादा पेटी ठेवायची तर लोकसभेला कशाला, ग्रामपंचायतीला ठेवा. मतदार तेच, गाव तेच, हद्द तीच, आणि घेणारा राज्य निवडणूक आयोग. दिल्लीला विचारायला जायचं कामच नाही.

अक्कलकोट_रोड_ताई

दादा मुद्दा चांगला आहे पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दारू किती वाटली जाते ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? आमच्याकडं तर दुकानवाल्याचा भाऊच पॅनेलमधे असतो. आडवीला मत मागणारी बाई त्याच दिवशी त्याच्या विरोधातली ठरते, मग तिचा नवरा, दीर, सगळे आत ओढले जातात. लोकसभेला निदान पॅनेल झोपलेलं असतं, गावातल्या गावात वैर नसतं त्या दिवशी. चुलतीच्या मतदानावेळी तिच्या घराचा नळ दोन महिने बंद होता, कोणी केला ते सिद्ध होत नाही.

गावगाडा_७८

नळाचं कळलं ताई. असं होतंय. नाही म्हणत नाही.

पॅनेलवाली गोष्ट खरी आहे. पण मग तुम्हाला जास्त मतदान पण पाहिजे आणि भांडण पण नको, दोन्ही एका दिवसात मिळणार नाही.

पूर्वभाग_बोलतोय

गावाचं चाललंय ते ठीक, शहरात कसं करणार? आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासनं पुढं, एकेका प्रभागात तीस पस्तीस हजार लोकं राहतेत. २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक होते, बघा हिशेब. आता माझ्या गल्लीतलं परमिट रूम बंद करायचं म्हणून अख्ख्या प्रभागातल्या बायकांच्या पंचवीस टक्के सह्या आणायच्या, त्यातल्या निम्म्या बायका विडी वळत बसलेल्या, त्यांना माझ्या गल्लीचं काय? आमच्या अक्का, साठ वर्षांच्या, हजार विड्या झाल्याशिवाय सुपातनं मान वर करत नाहीत, त्यांना मी म्हणलो सही द्या, त्या तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि सही काय दिली नाही.

महापालिकेची मुदत २०२२ ला संपली आणि मग प्रशासक बसला ते बसलाच, निवडणूक झाली ती थेट २०२६ च्या जानेवारीत. ज्या शहरात नगरसेवकाची निवडणूक टायमाला होत नाही तिथं दुकानाचं मतदान कोण टायमाला घेणार.

पणजी_रिटर्न

मूळचा सोलापूरचा, नोकरीत बरीच वर्षं गोव्यात काढली. वकील साहेबांनी गोव्याचं नाव घेतलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस.

१६ जानेवारी १९६७ चा कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का केंद्रशासित ठेवायचा. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. आपल्या उभ्या आडव्या बाटलीसारखंच, वाचता न येणाऱ्यालाही कळलं पाहिजे म्हणून चित्र. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. पण मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. मुख्यमंत्री बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. कौलात त्यांची बाजू हरली. आणि मार्चमधे विधानसभेची निवडणूक झाली तर लोकांनी त्याच बांदोडकरांना आणि त्यांच्याच पक्षाला परत निवडून दिलं! दोनच महिने झाले होते मधे. मला तिथले जुने लोक सांगायचे, भाऊ (म्हणजे बांदोडकर) आमचे आहेत पण गोवा पण आमचा आहे.

म्हणजे माणसं प्रश्न वेगळा आणि उमेदवार वेगळा असं बरोबर ओळखतात. पण दोन्ही एकाच दिवशी असतं तर? मला वाटतं घोळ झाला असता. फुलाला मत देणारा माणूस बांदोडकरांना देतोय का महाराष्ट्राला, हे त्याचं त्यालाच कळलं नसतं. वेगळा दिवस ठेवला, तरी मतदान भरपूर झालं, कारण प्रश्न जिव्हाळ्याचा होता. तेव्हा एकाच दिवशी ठेवा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे.

वाचनालय_काका

पणजीवाले, गोव्याचा कौल ही आयुष्यात एकदाची गोष्ट. तिथं मतदान होणारच. दुकानाचं मतदान दर काही वर्षांनी परत परत घ्यायचं असतं, त्याला तेवढा जोर कुठनं आणणार? जोर उसना आणायचा म्हणून तर न्यूझीलंडवाल्यांनी मोठ्या निवडणुकीला ते जोडलं.

आणि एकाच दिवशी घेतल्याचा दुसरा फायदा सांगतो जो मला पुस्तकात वाचताना लगेच लक्षात आला नव्हता. तारीख कोणाच्या हातात राहत नाही. निवडणूक जेव्हा तेव्हा हे. ज्वारी काढणीत ठेवा, यात्रेत ठेवा, हे साहेबाला किंवा दुकानवाल्याला ठरवता येत नाही. ताईंच्या गावात तारीख कोणी ठरवली, कशी ठरवली, हे जरा विचारा.

कडक_भाकरी

तारखेचा विषय निघाला म्हणून, आमच्या माळशिरसचं मारकडवाडी विसरलाव का? विधानसभेचा निकाल लागल्यावर ३ डिसेंबर २०२४ ला गावानं स्वतःच मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायचं ठरवलंतं, पोलीस लागले, जमावबंदी लागली, रद्द करावं लागलं. गावानं मनानं पेटी ठेवली की असं होतंय.

झेंडावाला_सोलापूर

मारकडवाडीत जे झालं ती लोकशाहीची

[या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद काढले आहेत. पक्षाचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. तिथं गावानं उमेदवाराच्या मतांची फेरपडताळणी करायची म्हणलं होतं, इथं दुकानाच्या परवान्याचं चाललंय. – मॉडरेटर]

हिंजवडीतला_सोलापूरकर

थोडं अलीकडचं उदाहरण देतो. इक्वेडोर, २० ऑगस्ट २०२३. राष्ट्राध्यक्षाची आणि संसदेची निवडणूक, त्याच दिवशी यासुनीच्या जंगलातलं तेल जमिनीतच राहू द्यायचं का यावर सगळ्या देशाचं मतदान, आणि त्याच दिवशी फक्त किटो शहराच्या हद्दीतल्या लोकांसाठी वेगळा प्रश्न, चोको आंदिनो नावाच्या जंगलपट्ट्यात खाणकामाला बंदी घालायची का. म्हणजे राजधानीतल्या माणसाच्या हातात एका रांगेत सगळ्या देशाचं पण आणि त्याच्या हद्दीचं पण. निवडणुकीच्या अकरा दिवस आधी एका उमेदवाराचा भर सभेबाहेर खून झाला होता, देश नुसता हादरलेला, तरी लोकांनी जंगलाचे प्रश्न बरोबर वेगळे काढले. यासुनीला ५९ टक्के हो, किटोत ६८ टक्के हो. आणि पुढं निवडून आलेला अध्यक्ष काही झाडं मोजणारा नव्हता, उद्योगपती घरातला तरुण. तर पणजीवाल्या काकांचा घोळ होतो हा मुद्दा मला पटत नाही.

पण दुसरी बाजू पण सांगतो. तेलाच्या विहिरी बंद करायला कोर्टानं एक वर्ष दिलं होतं, ते वर्ष गेलं आणि बहुतेक विहिरी चालूच. मतदान जिंकलं म्हणून काम होतंच असं नाही.

जिल्हा_कोर्ट_वकील

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आपल्याकडं चंद्रपूर बघा, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागली, २०२१ ला उठली. ती मतदानानं लागली नव्हती आणि मतदानानं उठली पण नाही, दोन्ही वेळा सरकारनं ठरवलं. वर्धा सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडी आहेत, कागदावर.

मुळेगाव_रोड

कागदावर हा शब्द बरा वापरलात. दुकान बंद झालं म्हणून दारू बंद होत नसते, मी हे डोळ्यानं बघितलंय. सरकारमान्य दुकान हललं की दुसऱ्या आठवड्यात ट्यूबमधनं हातभट्टी येते, मोटरसायकलच्या सीटवर काळी ट्यूब आडवी टाकलेली, रिक्षाच्या मागच्या सीटखाली पण. ती दुकानाच्या देशीपेक्षा स्वस्त आणि जास्त वाईट. आमच्या बाजूच्या तांड्यांवर किती वर्षं हेच चाललं होतं. २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते मॅडमच्या वेळी ऑपरेशन परिवर्तन काढलं, नुसत्या धाडी न टाकता भट्टीवाल्यांना दुसरा धंदा लावून द्यायचा, कोणाला शिवणकाम, कोणाला दुकान, कोणाला कर्ज. त्यानं जो फरक पडला तो कोणत्या पेटीनं पडला नसता.

काका, तुमच्या न्यूझीलंडात कोरड्या भागात काय व्हायचं हो? ते सांगितलं नाहीत.

वाचनालय_काका

बरोबर पकडलंत. तिकडं कोरड्या भागात विक्री बंद असायची, पिणं नाही. शेजारच्या ओल्या भागातनं पिंपं मागवायची आणि घरी बसून प्यायची. हद्दीच्या पलीकडच्या पहिल्या हॉटेलवाल्याची चांदी.

इनव्हरकार्गिलचं मात्र वेगळं झालं. १९०५ ला कोरडं झालेलं गाव, १९४३ च्या निवडणुकीबरोबरच्या मतदानात लोकांनी परत दारू मागितली. पण जुन्या मालकांना दुकानं परत दिली नाहीत, १९४४ ला एक ट्रस्ट काढला, दारू विकायचा हक्क ट्रस्टला आणि नफा गावाच्या कामाला. तो ट्रस्ट आजही चालू आहे. काही कोरडे भाग तर १९९० च्या दशकापर्यंत कोरडे होते, ऑकलंडमधला शेवटचा १९९९ ला ओला झाला. म्हणजे बंद करायला मतदान तसंच परत चालू करायलाही मतदान, दार दोन्हीकडनं उघडं. आपल्याकडच्या नियमात मला ही गोष्ट कमी वाटते.

मुळेगाव_रोड

नफा गावाला. हे आमच्या गावात सांगितलं तर सगळे उभीलाच देतील 😄

अक्कलकोट_रोड_ताई

काका, तारखेचं विचारलं. चुलती म्हणते तारीख हपिसातनंच आली, बायकांना कोणी विचारलं नाही, आठ दिवस आधी दवंडी. आणि हातभट्टीवाल्या दादांचं पण तिला पटतं, पण ती म्हणते शाळेच्या वाटेवरनं तरी जाऊ दे, मग पुढचं पुढं.

आता बायका परत अर्ज करायचं म्हणायलाय. लोकसभेच्या दिवशी होणार नाही हे कळलं, ग्रामपंचायतीबरोबर घ्या असं निवेदन आमदारांना देऊ, भागाकाराचं पण त्यातच लिहू. पण तोवर आहे त्या नियमात काय करता येईल? ७०१ कुठनं आणायच्या?

गावगाडा_७८

ताई, ७०१ आणू नका, १४०० कमी करा.

यादी उघडून बसा. प्रत्येक गावाच्या यादीत मेलेल्या म्हाताऱ्या असतेत, लग्न होऊन दहा दहा वर्षं झालेल्या पोरी असतेत, दोनदा नाव असलेल्या असतेत. एक माहेरच्या आडनावानं आणि एक सासरच्या. त्या सगळ्या आत्ता उभी बाटलीच्या बाजूला उभ्या आहेत असं समजा. आमच्या वॉर्डात निवडणुकीआधी बघितलं तेव्हा दर पानावर दोन तीन तरी सापडली. नाव काढायला नमुना ७ भरायचा, बीएलओकडं म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्याकडं द्यायचा, आमच्याकडं अंगणवाडीची बाई बीएलओ आहे, तुमच्याकडं कोण ते बघा. मयत असंल तर दाखल्याची झेरॉक्स जोडा. आणि हे सह्या गोळा करायच्या आधी करायचं, नंतर नाही.

जिल्हा_कोर्ट_वकील

+१. मला हे सुचलं नव्हतं, प्रामाणिकपणे. फक्त खोटे नमुने ७ भरू नका, खोटं निवेदन हा गुन्हा आहे आणि दुकानवाला त्याचीच वाट बघत असेल. जिचं नाव काढायचं ती खरंच गेलेली किंवा खरंच दुसरीकडं राहायला गेलेली पाहिजे. लग्न झालेल्या पोरींना सासरच्या गावात नाव नोंदवायला सांगा, तिथं पत्ताबदलाचा नमुना ८ भरला की इकडचं नाव आपोआप निघायची सोय असते. अर्जासाठीच्या पंचवीस टक्क्यांचा हिशेब पण मग त्याच यादीवर.

आणि सह्या घेताना प्रत्येक सहीसमोर यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या. पडताळणीत सह्या उडतात त्या बहुतेक याच कारणानं, बाई खरी असते पण यादीत सापडत नाही.

पूर्वभाग_बोलतोय

वकील साहेब नमुना ८ ऑनलाइन होतोय का? आमच्या अक्कांचं नाव अजून मंगळवेढ्याच्या यादीत आहे, चाळीस वर्षं झाली लग्नाला.

जिल्हा_कोर्ट_वकील

होतो की. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर. पण अक्कांना आधी विचारा, नाहीतर परत तेलुगूत बोलतील.